मनुबाईची तीस झबली

चारुलताबाईंनी ते झबलं दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं, मेलेला उंदीर उचलावा तसं. माझं डोकं तिथंच सटकलं.

आष्ट्याच्या आमच्या चर्चमधल्या महिला मंडळाने आफ्रिकेतल्या एका दवाखान्यासाठी बाळांचे कपडे शिवायचं अंगावर घेतलं होतं. तिथं जन्मलेल्या पोरांना गुंडाळायलाही काही नसतं, असं पत्र आलं होतं. चारुलताबाई सांगलीच्या, मंडळाच्या सेक्रेटरी. पार्सल त्यांच्याच हातून जाणार; आज त्याचं खोकं भरायला आम्ही चर्चमध्ये जमलो होतो. मी कपडे शिवून पोट भरते, म्हणून कापड वाटायचं काम माझ्याकडे. मनुबाई ख्रिस्ती नाही, माझ्या शेजारची, ऊसवाल्या घरातली. "पोरं कुणाची का असंनात, उघडी ऱ्हायला नगंत," म्हणाली आणि नवं कापड घेऊन गेली.

आज सकाळी तिने ते कापड जसंच्या तसं परत पाठवलं. सोबत तीस झबली, तिच्या स्वतःच्या सुती लुगड्यांची. आमच्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागतं, धुवून धुवून मऊ झालेलं. दुकानातलं खळ लावलेलं कापड एका दिवसाच्या जिवाला ती घालणार कशी? शिवण टोचू नये म्हणून तिने ती बाहेरच्या बाजूला घेतली होती. बटणं नाहीत, बांधायला बंद.

"चिंध्या आहेत या," चारुलताबाई म्हणाल्या. "आणि शिवल्यात त्याही उलट्या. परदेशात काय म्हणतील लोक? फरशी पुसायला ठेवा."

मनुबाईकडे सुती अशी पाचच लुगडी होती. माझ्या खिडकीसमोरच तिची कपडे वाळत घालायची दोरी आहे, मला मोजायला लागत नाही. सुनांनी आणलेल्या सिंथेटिक साड्या ती नेसत नाही. त्या पाचातली तीन या बाईच्या फरशीला जाणार होती.

"पत्र दाखवा," मी म्हणाले.

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

पत्राचं मराठी चर्चच्या पाळकांनी करून दिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. कपडे सुती असावेत, मऊ असावेत, स्वच्छ धुतलेले असावेत. नवे असावेत असं त्यात कुठेही नव्हतं.

"अहो, पण आपली काही इभ्रत आहे की नाही?"

"झबली पोरांसाठी शिवलीत बाई. तुमच्या इभ्रतीसाठी नाही."

खरं सांगायचं तर सकाळी गठडं सोडलं तेव्हा मलाही क्षणभर लाज वाटली होती. झबली खोक्याच्या तळाला दडवावीत, असं मनात आलं होतं. तो स्वतःवरचा रागही मी त्यांच्यावरच काढला. "ही जाणार नसतील तर माझे फ्रॉकही जाणार नाहीत," म्हणाले आणि माझे चाळीस फ्रॉक उपसून टेबलावर टाकले.

कोपऱ्यातली अंकिता उठली. एरवी तिच्या तोंडून शब्द निघत नाही. तिने खोक्यातून आपली टोपडी काढून घेतली. मग बाकीच्या बायका उठल्या. खोक्याचा तळ दिसायला लागला.

तेवढ्यात चपला बाहेर काढून मनुबाई दारात आली आणि मला म्हणाली,

"सुलाबाई, पार्सल कवा जाणार हाय? आजून एक लुगडं हाय घरात. लय मऊ झालंय. धा झबली हुतील."

तीन कापली होती, एक तिच्या अंगावर होतं. घरातलं म्हणजे तेवढंच उरलेलं.

मी चारुलताबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून ते झबलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, तळहाताने सारखं केलं, बंद आत घेऊन घडी घातली आणि रिकाम्या खोक्यात ठेवलं.

"सोमवारी जाईल," त्या म्हणाल्या. "आता आणखी नको, मनुबाई. पुष्कळ झाली."

"बरं." मनुबाईने टेबलावरचा ढीग बघितला. "आन् ह्ये समदं भायेर का काढलंया?"

"घड्या नीट बसत नव्हत्या," मी म्हणाले.

तेही चर्चमध्ये बसून खोटंच. त्याबद्दलही मला राग चारुलताबाईंचाच आला.