ब्लडी घोंगडी

इंग्लंडात दोन वर्षं शिकून शंभूराज आपल्या गावी, सणसरला परतला, तो 'ब्लडी' हा शब्द तोंडात घेऊनच. ऊन ब्लडी, रस्ता ब्लडी, चहा ब्लडी गुड. आई सारजाबाईनं एकदा विचारलं, "शिवी हाय का रं ती?"

"न्हाय गं आई. आपलं 'लई' असतं का, तसंच. भाजीत मीठ टाकावं तसं टाकायचं."

मग काय, सारजाबाईला आयतं मीठच मिळालं. म्हैस ब्लडी आटली, लाइट ब्लडी गेली. शंभूराज पोट धरून हसायचा.

पुढं बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात तो साहेब झाला. तिथं मशिनरी बघायला इंग्लंडहून पाहुणा येणार, हे त्यानं घरी सांगितलं आणि घोटाळा झाला. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही मेंढरं राखणाऱ्या घराची जुनी रीत. मेंढरं गेली, ऊस आला, रीत तेवढी राहिली. सारजाबाईनं स्वतः कातलेल्या लोकरीची काळी घोंगडी पेटीतून काढली आणि शंभूराजचे वडील, आबाजी, ती घेऊन मोटारसायकलवरून थेट कारखान्यात हजर.

चकचकीत फरशीवर मातीनं भरलेली पायताणं. घोंगडीला मेंढराचा वास. पाहुण्यानं कौतुकानं हात पुढं केला होता, पण शंभूराजचा पारा चढला. बापाचा हात बाजूला सारत तो दातओठ खात म्हणाला, "ब्लडी घोंगडी."

पाहुण्यानं हात मागं घेतला. आबाजींनी घोंगडीची घडी नीट केली आणि ते निघाले. हा शब्द त्यांनी घरात किती वेळा ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता.

दिवसभर शंभूराज मनात वकिली करत राहिला. शिवी कुठं दिली? नुसता जोर दिला. संध्याकाळी घरी निघाला, तेव्हा ती वकिली त्याच्याच घशाखाली उतरेना.

ओट्यावर सारजाबाई नवऱ्याला विचारत होती, "परत का आणली? आवडली न्हाय व्हय पाव्हण्याला?"

शंभूराज दारातच थबकला. आता आबा सांगणार.

"आवडली की," आबाजी म्हणाले. "हात पुढं केला हुता त्यानं. पर पोरगंच म्हणलं, आईनं कातलेली हाय, मी द्यायचो न्हाय."

सारजाबाईचा चेहरा असा काही उजळला, की धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं शंभूराजला झालं. तिनं घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

"मग तूच पांघर बाबा. ब्लडी ऊब हाय हिला."

शंभूराजनं आबांकडं पाहिलं. ते म्हशीला वैरण टाकायला उठून गेले होते. घोंगडी मानेला टोचत होती. त्यानं ती काढली नाही.