चेपलेलं दार

चिखलीच्या बाजारात इंद्रभानच्या उभ्या टॅक्सीला ट्रक घासला. दार चेपलं आणि आत बसलेल्या प्रवासी कलाबाईंचं डोकं काचेवर आपटलं.

"मले काही नाही झालं," त्या म्हणाल्या.

त्याच्या टॅक्सीचे विमा एजंट शेषराव तिथंच होते. "गलती तुही नाही, पण कंपनीले कळवलं त दावा न केल्याची सूट जाईन, हप्ता वाढीन. चूप राह्य."

इंद्रभाननं कंपनीला न कळवताच गाडी काढली. सुलतानपूरच्या वाटेवर मात्र कलाबाईंना ओकाऱ्या सुरू झाल्या, शुद्ध हरपली. त्यानं गाडी दवाखान्याकडे पळवली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत तो दारापाशीच उभा राहिला.

"शुद्धीवर आल्या," डॉक्टर म्हणाले.

तो तडक शेषरावांकडे गेला.

"कंपनीले कळवा. बाईच्या इलाजाचं पाहा."

"हप्ता वाढीन बे!"

"वाढू द्या."

पुढच्या वर्षी हप्ता खरंच वाढला. इंद्रभाननं तो चरफडतच भरला.