पाचव्या दिवसाची आंघोळ

केस भाजीत सापडला असता तर निभावलं असतं. ताटाच्या कडेला काढून ठेवायचा आणि पुढे जेवायचं, एवढंच. पण तो सापडला बिबडीत. ज्वारीचं पीठ शिजवून ओल्या हाताने थापलेली बिबडी वाळली की आरपार दिसते, आणि तिच्यात अडकलेला लांब काळा केस लपवायचा म्हटला तरी लपत नाही. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीत एकीच्या बिबड्या असल्या की बाकीच्या सगळ्याजणी थापायला जातात. त्या दिवशी बिबड्या लताबाईच्या होत्या. संध्याकाळी गच्चीवर, साडीवरून बिबड्या सोडवताना लताबाईने एक उचलून उजेडाकडे धरली.

"सारिका, आठे केस शे वं," ती म्हणाली. मग दुसरी उचलली. "आनी हाई देख, आठेबी."

बायका कुजबुजल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी उघड सल्ले दिले, आणि सल्ल्यांना आपल्याकडे कधी दुष्काळ पडत नाही. एक म्हणाली, बोअरचं पाणी जड आहे. दुसरीने शाम्पूला शिव्या घातल्या. तिसरीच्या बहिणीचे केस बाळंतपणानंतर असेच गेले होते. सारिकाचा धाकटा आता आठवीत आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कोणी नजर म्हणालं, कोणी थायरॉइड, आणि एकीने सारिकाच्या सासूकडे बघत "टेन्शन राहत असेल बाई" असंही सोडून दिलं. सासू भिकुबाई कठड्याजवळ बसून सगळं ऐकत होत्या. शेवटी लताबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "सकाय तू थापू नको वं, नुसता चहा कर." गल्लीत सारिकासारखा हात कोणाचा नव्हता. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

केस दिवाळीपासून जात होते. मनगटाएवढी वेणी बोटाएवढी झाली. फणी फिरवली की गुंतवळ निघायचा, तो ती कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत खाली दडवायची, चोरी केल्यासारखा. पण केसांची लाज ही वरवरची. तिच्याखाली दुसरी होती, आणि तीच खरी जीव खात होती.

भिकुबाईंच्या घरात पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं. स्वयंपाकाला नाही, देवाला नाही, बिबड्या-पापडाला तर मुळीच नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की बाई पुन्हा घरात मोकळी. बोदवडच्या माहेरीही हेच होतं, त्यामुळे सारिकाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर मात्र पाचव्या दिवशीही अंगावर जाणं थांबेचना. पहिल्यांदा ती खरं सांगून बसून राहिली, दहा-बारा दिवस. सासूबाई दुखरे गुडघे घेऊन ओट्यापुढे उभ्या राहिल्या. नवरा युवराज करपलेल्या भाकरीकडे बघत मुकाट जेवला. भिकुबाई एवढंच म्हणाल्या, "इतला दिन? आमना वखतले असं नव्हतं." त्या रागाने म्हणाल्या की काळजीने, कोण जाणे. सारिकाला ते झोंबलं.

पुढच्या महिन्यापासून ती पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायला लागली. ओले केस पाठीवर मोकळे सोडून सासूसमोरून जायचं आणि देवापुढे दिवा लावायचा. तोंडाने खोटं बोलावं लागलं नाही, केसच बोलले. आत मात्र कापडाच्या घडीवर घडी बदलणं चालूच होतं. महिन्याचे निम्मे दिवस तरी तसेच जायचे.

आणि त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. सासरे अभिमन नाना आदल्या वर्षी गेलेले, त्यांची ही पहिली घागर. एकुलती एक सून. पितरांची घागर भरून पुजायला दुसरं कोण होतं? जामनेरहून नणंद दिपमाला आली होती, पाहुणे आले होते, आणि सारिकाने अंगावर जात असताना घागर भरली, पुरणपोळ्या केल्या, नानांना पान वाढलं. नानांनी तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. त्यांच्याच पाण्याला आपण विटाळ लावला, हे तिच्या मनातून जाईना. सासूबाईंना कळलं तर त्या पुन्हा आपल्या हातचं पाणी पिणार नाहीत, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

बिबड्यांच्या प्रकारानंतर भिकुबाई स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर प्रज्ञा मॅडमनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त तपासायला लावलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन दोघी पुन्हा समोर बसल्या.

"बाईचे केस गळायला कारणं बरीच असतात," मॅडम म्हणाल्या. "थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप, उपासतापास करून खाणं तोडणं, काही औषधं. कधी घराण्यातच असतं. तुमचं थायरॉइड चांगलं आहे. पण अंगात रक्त निम्मंच आहे. ते जातंय कुठे? पाळीत जास्त जातं का?"

सारिकाने तोंड उघडायच्या आत भिकुबाई बोलल्या. "तिनं बठ्ठं बराबर शे, म्याडम. च्यार दिन बाजूले बठस, पाचव्या दिन डोकावरथीन पानी लेस. मी सोता देखस." सांगताना त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. सून वळणाची आहे, हे डॉक्टरीणबाईला कळायला नको?

"मग पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते बघावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोंडातून नळी घालून तपासतात. नाशिकला पाठवते."

"जाऊत नाशिकले," भिकुबाई लगेच म्हणाल्या. "मी येस तिनासंगे."

जिना चढताना तीनदा थांबणारी म्हातारी नाशिकला निघाली होती, आपण रचलेल्या खोट्यापायी. सारिकाला तिथे बसवेना.

"पाळी थांबत नाही, मॅडम," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "दिवाळीपासून. पंधरा-पंधरा दिवस जातं. पहिल्या खेपेनंतर मी घरी सांगितलं नाही."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सोनोग्राफी लिहिली, रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या, गर्भाशयात गाठ असू शकते पण घाबरू नका म्हणाल्या. रक्त भरलं की केसही येतील, वेळ लागेल. सारिकाला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. शेजारी भिकुबाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत मागे मागे जात होत्या. मग बोट थांबलं.

"आखाजीले?" त्यांनी विचारलं.

सारिकाने होकाराची मान हलवली. वर बघायची हिंमत झाली नाही.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. बाकावर बाया होत्या, बाप्ये होते, कोणाचं तरी पोर रडत होतं. आता सासूबाई दिपमालाला फोन लावतील, घरी गेल्यावर माठ बाजूला करतील, असं एकेक सारिका मनात बघत होती. भिकुबाई बराच वेळ चिठ्ठीची घडी घालत नि उलगडत राहिल्या.

"तुना सासरानी घागर तू भरी," त्या शेवटी हळू आवाजात म्हणाल्या. "त्यासले पानी पोचनं का नही, ते मी वर जासू तवय इचारसू. तू आते गोया खाय."

सारिकाचे डोळे भरून आले. पण म्हातारीचं बोलणं संपलं नव्हतं.

"पन तू मले सांगं नही," त्या म्हणाल्या. "एकच घरमा ऱ्हाईसन. मी इतली वाईट शे का वं?"

याला लगेच 'नाही' म्हणायला हवं होतं. सारिकाने म्हटलंही. पण आधी ती गप्प राहिली, अगदी थोडा वेळ, आणि तेवढ्यात भिकुबाईंना उत्तर मिळालं होतं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीकडे गेल्या.