अँप्लिफायरचा मान

गोरखने अँप्लिफायरवरची शाल ओढून काढली आणि भरतने सगळ्या मंचासमोर त्याच्या कानशिलात लगावली.

लोणीच्या यात्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यती ऐन रंगात आल्या होत्या. भरत यात्रा कमिटीचा म्होरक्या. बैलांना मान, गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीला मान, मग आवाजाच्या यंत्रालाच का नको, म्हणून त्याने नव्या अँप्लिफायरला स्वतःच्या हाताने शाल पांघरली होती, वर मूठभर भंडारा उधळला होता. देवाच्या नावाची शाल, आणि हा चाळिशीतला स्पीकरवाला ती भर दुपारी उतरवतो म्हणजे काय!

"भाऊ, त्याला हवा लागती," गोरख ओठावरचं रक्त पुसत म्हणाला. "गरम व्हनं त्याचं कामच हाय. पण हात टेकवंना, करपल्याचा वास यायला लागला, की धोका असतो. जाळ्या झाकल्या तर ते आपसूक बंद पडतं."

"मला शिकवतो?" भरतने त्याची गचांडी धरून दुसरी ठेवून दिली. गोरखचा दात हलला. "परत हात लावलास तर तंगडं तोडून हातात देईन."

मंचावर चार शहाणी माणसं बसली होती. चौघांनीही माना खाली घातल्या. शहाण्यांना तेवढंच जमतं. शाल पुन्हा पांघरली गेली.

गोरखचं रक्त उसळलं होतं. पण त्याची नजर घाटावर होती, गाडे पळतात त्या चढावर. माणसं दोरीच्या आत घुसत होती आणि त्यांना मागे हटवायला एक माईकच काय तो होता.

दहा मिनिटांत तो मुका झाला. तापलेल्या अँप्लिफायरने आवाज तोडला. खाली मात्र झेंडा पडला आणि भरतचाच गाडा सुटला. चार बैल चौखूर उधळत चढ चढू लागले. गाडा सुटल्याची हाळी स्पीकरवरून येते, या भरवशावर भरतची आई साळुबाई ओवाळायचं ताट घेऊन खुशाल घाट ओलांडत होती.

"आये, मागं फिर!" भरत ओरडला. हलग्यांच्या कडकडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

गोरखने मंचावरून उडी टाकली. म्हातारीला त्याने दोन्ही हातांनी दोरीपलीकडे ढकललं, तोवर बैल त्याच्या अंगावर आले. खूर पाठीत बसले, चाक खांद्यावरून गेलं. हाड काडकन मोडलं.

भरत धावत पोचला तेव्हा साळुबाईने गोरखचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पदराने तोंड पुसता पुसता ती थबकली.

"चाक खांद्यावरनं गेलं, म्या बघितलं," ती म्हणाली. "मंग ह्याच्या गालावर काय उठलंय?"

"खूर लागला आसंल, आये," गोरख कसाबसा बोलला.

"खुराला पाच बोटं नसत्यात, लेकरा." तिने वर पाहिलं. "भरता, तू तर मंचावरच व्हतास. कुणी मारलं रं ह्याला?"