शंभर शेअर आणि पहिला नंबर

"डोळे मिटा! फोन बंद करून पिशवीत ठेवा! लहरींना आता त्यांचं काम करू द्या!"

शिखरगुरूंनी दोन्ही हात वर केले आणि सभागृहातल्या दोनशे धडधाकट, कमावत्या, शिकल्यासवरलेल्या माणसांनी निमूटपणे डोळे मिटले. त्यांत बेकरीवाला होता, दाताचे दोन डॉक्टर होते, शिवणाचा क्लास चालवणाऱ्या दोघी बहिणी होत्या. तिसऱ्या रांगेत कुलूपवाली होती.

चमत्काराचा पहिला भाग नुकताच होऊन गेला होता. व्यासपीठावरच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यावर गुरूंनी 'मातीच्या कुंड्या' असं सर्च केलं होतं आणि एकामागून एक पाच पानं उलगडून दाखवली होती. चिठ्ठी काढून निवडलेल्या कुंडीवाल्या काकांच्या साइटचा त्यात मागमूस नव्हता. मग दोनशे जणांनी दोनशे फोनवरून ती साइट एकदम शेअर केली, आणि आता अकरा मिनिटं डोळे मिटून बसायचं होतं.

अकरा मिनिटांनी गुरूंनी पुन्हा तेच शब्द टाइप केले. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गडद निळ्या पुठ्ठ्याचं एक शिखर डकवलेलं होतं, कार्यक्रमाचं चिन्ह म्हणून. त्या शिखराला खेटून, सगळ्यांच्या वर, पहिल्याच ओळीत झळकत होते कुंडीवाले काका!

काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. टाळ्यांनी छत दणाणलं.

"सर्च इंजिन म्हणजे काय? यंत्र?" गुरूंनी आवाज चढवला. "छे! ते जगाचं मन आहे. मनाला काय कळतं? प्रेम! आणि इंटरनेटवर प्रेम म्हणजे काय?"

"शेअर!" दोनशे कंठ ओरडले.

"एक शेअर म्हणजे एक पायरी. रोज शंभर पायऱ्या चढा. शिखर तुमचंच!"

कुलूपवालीही ओरडली. पुढे या गोष्टीची तिला फार लाज वाटली, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ती काही भोळीभाबडी नव्हती. वडिलांच्या हाताखाली बावीस वर्षं कुलपं खोलण्यात आणि किल्ल्या घासण्यात गेलेली बाई. कुठलंही कुलूप कानाशी धरून आत काय बिनसलंय ते सांगायची. पण वडिलांची, म्हणजे गल्ली ज्यांना वस्ताद म्हणायची त्यांची, आठवण दोन वर्षांपासून विरत चालली होती. जेवलो की नाही ते त्यांना आठवायचं नाही. हातात कानस दिली, की मात्र नमुन्याबरहुकूम किल्ली उतरायची. डोकं विसरलं तरी हात विसरला नव्हता. दुकान आता एकटीच्या खांद्यावर होतं आणि गिऱ्हाईक रोडावलं होतं. दाराबाहेर अडकलेला माणूस फोनवर सर्च करतो आणि जो पहिला दिसेल त्याला बोलावतो. तो काही दुसरं पान उघडत बसत नाही. धाकट्या भावाने तिला साइट करून दिली होती, पण ती सापडायची कुणाला?

म्हणून ती साधनेला लागली. सकाळी चाळीस शेअर, दुपारी तीस, संध्याकाळी तीस. गिऱ्हाइकं, भाऊ, आत्या, मावसबहिणी, शाळेतल्या मैत्रिणी, बसच्या आगाराकडचा औषधवाला, ज्याचा म्हणून नंबर फोनमध्ये होता त्याला. मजकूर गुरूंनीच दिलेला: 'शिखराकडे आणखी एक पाऊल! ही साइट पुढे पाठवा, तुमचाही उत्कर्ष होईल.' शंभर झाले की फोनवर सर्च करून बघायचं. नवव्या दिवशी स्वतःच्या फोनवर स्वतःचं दुकान पहिल्या नंबरावर बघून ती जवळजवळ किंचाळलीच.

येणारे फोन तेवढेच होते. दिवसाला दोन, फार तर तीन.

"पहिला नंबर आला ना? मग गिऱ्हाईक वाटेत आहे," गुरू म्हणाले. "वाट बघायला शिका, ताई."

ती तीन महिने वाट बघत राहिली.

मग तो मंगळवार आला. दुपारचे शेअर चालले होते, बावीस की तेवीस झाले होते. मान वर करून बघते तर वस्तादांची खुर्ची रिकामी. हत्यारांची पिशवीही नव्हती. पूर्वी कुणी बोलावलं की उठून जायचे, तसे उठून गेले होते. पण त्यांना बोलावलं कुणीच नव्हतं.

तिने गल्ली पालथी घातली, पुढचा चौक पाहिला, मग वडिलांचा जुना फोटो फोनमधल्या एकूण एक माणसाला पाठवला. 'माझे बाबा हरवलेत. त्यांना काही आठवत नाही. दिसले तर लगेच कळवा.' आणि फोन मुठीत धरून धावत राहिली. मुठीतला फोन वाजेना. शंभर-सव्वाशे माणसांपैकी सात जणांनी उत्तर दिलं. भाऊ तास-दीड तासाने आला, तोही तिने तिसऱ्यांदा कॉल केला तेव्हा.

वस्ताद सापडले संध्याकाळी सहाला, बसच्या आगाराबाहेर. फुटपाथवरून पडले होते. आगाराच्या पहारेकऱ्याने त्यांना सावलीत बसवून पाणी पाजलं होतं. उजवं मनगट मोडलं होतं.

दवाखान्यातून येताना ती औषधं घ्यायला आगाराकडच्या औषधवाल्याकडे थांबली. औषधवाल्याने चिठ्ठी वाचली आणि दचकून विचारलं, "वस्तादांना काय झालं? अहो, दुपारी समोर बँकेच्या पायरीवर बसलेले पाहिले की मी त्यांना. चांगले दोन तास. मला वाटलं, कुणाची वाट बघतायत."

"मी तुम्हाला मेसेज केला होता," कुलूपवाली म्हणाली.

औषधवाल्याने खिशातून फोन काढला, खाली खाली बोट फिरवत गेला आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, राग मानू नका. दोन महिन्यांपूर्वीच तुमच्या मेसेजचा आवाज बंद केला मी. रोज उठून ते शिखर. मला वाटलं, तेच असेल."

रस्त्याच्या या बाजूला तो आणि त्या बाजूला तिचे वडील. दहा पावलांवर.

घरी भावाने मान खाली घालून तेच सांगितलं. आत्यानेही. ज्यांना म्हणून तिने पायरी केलं होतं, त्या सगळ्यांनी आपापलं दार तिच्या तोंडावर लावून घेतलं होतं, आणि कुणाचंही काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गुरूंच्या ऑफिसात गेली. काचेच्या टेबलामागे बसलेल्या गुरूंनी सगळं ऐकून घेतलं, हळहळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "संकटात तुमचा शेअर पोचला नाही, याचा अर्थ काय? साधना कच्ची राहिली. मनात कुठेतरी शंका होती. शंकेने लहर तुटते. आता रोज दीडशे करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती उठून बाहेर आली. बंद कुलपावर हातोडा मारू नये, हे वस्तादांनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आधी आत काय आहे ते बघायचं.

ते बघायला मदत केली गणिताच्या बाईंनी. जवळच्या शाळेत शिकवायच्या. शिक्षकांच्या खोलीतलं कपाट उघडेना म्हणून त्यांनी तिला बोलावलं होतं. कपाट उघडता उघडता कुलूपवालीने सगळं सांगितलं.

"तुझ्या फोनवर तुझं दुकान पहिलं येतं?" बाईंनी विचारलं.

"हो. बघा ना."

"मी माझ्या फोनवर बघते." बाईंनी सर्च केलं. एक पान, दोन पानं, चौथ्या पानाच्या तळाशी दुकान सापडलं. "अडतिसावा नंबर."

"असं कसं?"

"तुझा फोन तुला ओळखतो गं. दिवसातून दहादा तू तीच साइट उघडतेस, त्याच दुकानात उभी राहून. त्याला वाटतं, बाईला हेच हवंय. म्हणून तो तुला तेच वर काढून देतो. पहिला नंबर जगात नाही आलेला. तुझ्या खिशात आलाय."

कुलूपवालीने बाईंचा फोन हातात घेऊन चारही पानं पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली.

"आता आणखी एक बघू," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फळ्यासमोर उभं असल्यासारखा झाला. "गुरूचं म्हणणं शेअरने नंबर चढतो. ठीक. तू शेअर बंद कर. बेकरीवाल्याचे चालू आहेत ना? तीन आठवडे दोघांचे नंबर लिहून ठेवू. ज्या फोनांनी तुमच्या साइट कधी उघडल्या नाहीत, अशाच फोनांवर बघायचं."

शाळेत अकरा शिक्षक होते. रोज मधल्या सुट्टीत अकरा फोनांवर दोन सर्च व्हायचे. बेकरीवाला तिकडे घाम गाळून दिवसाला शंभर शेअर करत होता. तीन आठवड्यांनी बाईंनी वही उघडली. बेकरीवाला त्रेचाळिसावरून चव्वेचाळिसावर. कुलूपवाली, जिने एकही शेअर केला नव्हता, अडतिसावरून सदतिसावर.

"म्हणजे शेअरचा काहीच उपयोग नाही?"

"शेअरचे आकडे मोजून आम्ही कुणाला वर बसवत नाही, असं सर्च इंजिनवाले स्वतःच सांगत आलेत. शेअरने माणसं साइटपर्यंत येतात. त्यातल्या कुणाला तिथलं काही खरंच उपयोगी वाटलं, त्याने आपल्या साइटवर तुझा पत्ता दिला, तर त्याला किंमत असते. पण 'शिखराकडे एक पाऊल' वाचून कोण काय करणार? तो आवाज बंद करणार."

"मग कुंडीवाले काका? ते पडद्यावर आले, दोनशे माणसांनी पाहिलं."

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "चल, जाऊन बघू."

पुढच्या रविवारी सकाळी दोघी सभागृहात गेल्या. पडदा तोच, शिखर तेच, चिठ्ठीतून या वेळी निघाल्या शिवणाच्या क्लासवाल्या बहिणी. "डोळे मिटा!" गुरूंनी हात वर केले. दोनशे डोक्यांत दोनच डोकी डोळे उघडे ठेवून बसली. कुलूपवालीला दिसलं, व्यासपीठाच्या कडेला बसलेला गुरूंचा मदतनीस लगबगीने दुसरा लॅपटॉप उघडतोय, काहीतरी दाबतोय आणि घड्याळाकडे बघतोय.

अकरा मिनिटं झाली. सर्च. पहिल्या ओळीत शिवणाचा क्लास. टाळ्या.

त्या टाळ्यांतच कुलूपवाली उठली आणि तडक व्यासपीठावर चढली. गुरूंना वाटलं, भक्त पाया पडायला येतेय. त्यांनी आशीर्वादाचा हात उचलला. ती त्यांना वळसा घालून पडद्यापाशी गेली. शिखर चिकटपट्टीने लावलेलं होतं. नखाने पट्टी सोडवायला तिला दोन सेकंदही लागले नाहीत.

निळा पुठ्ठा गळून पडला. इतका वेळ त्या गडद रंगावर पडून दिसेनाशी झालेली बारीक काळी अक्षरं आता पांढऱ्या पडद्यावर उमटली. शिवणाच्या क्लासच्या नावाच्या अगदी डोक्यावर: 'जाहिरात'.

टाळ्या थांबल्या.

"ही जाहिरात आहे," कुलूपवाली म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "आधीच तयार करून ठेवलेली. तुम्ही डोळे मिटलेत, की हा माणूस ती चालू करतो. अकरा मिनिटं त्यासाठीच लागतात. लहरींसाठी नाही."

"ताई नकारात्मक झाल्या आहेत," गुरू माइकमध्ये गोड हसले. "यांच्या घरी नुकतीच आपत्ती—"

"फोन काढा!" मागून गणिताच्या बाई गरजल्या. वर्गातला आवाज तो. दोनशे हात पिशव्यांत गेले. "सर्च करा. स्वतःच्या नाही, शेजारच्याच्या फोनवर. जाहिरात सोडून खाली बघत जा. शिवणाचा क्लास कितव्या नंबरावर दिसतो ते मोठ्याने सांगा."

दोनशे अंगठे पानामागून पान खाली सरकवू लागले. क्लासवाल्या धाकट्या बहिणीने शेजारणीच्या फोनवर सहाव्या पानापर्यंत बघितलं आणि फोन ओटीत टाकला. दोन रांगा मागे कुंडीवाले काका उभे राहिले. "गुरुजी," त्यांनी विचारलं, "माझी जाहिरात तुम्ही कधी बंद केली?"

"आज वातावरण दूषित झालं आहे" असं म्हणून गुरूंनी कार्यक्रम आटोपता घेतला. लोकांनी मदतनिसाला गराडा घातला, तेव्हा त्याने सगळं ओकून टाकलं. चिठ्ठ्या सगळ्या एकाच नावाच्या असायच्या, आणि जाहिरात कार्यक्रम संपला की तासाभरात बंद व्हायची. तरीही तीस-चाळीस माणसं जागची हलली नाहीत. "पण माझ्या फोनवर मी पहिला येतो!" बेकरीवाला पुन्हा पुन्हा सांगत होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी आपला फोन त्याच्या हातात दिला.

गुरूंनी ते ऑफिस महिन्याभरात रिकामं केलं. दुसऱ्या कुठल्या शहरात ते आता नव्या नावाने लोकांचे डोळे मिटवत असतील. असल्या माणसांना लाज नसते, फक्त पत्ता बदलायचा असतो.

कुलूपवालीने एक-एक करत सगळ्यांची माफी मागितली. मग साइटवर लावलेलं गुरूंचं शिखराचं चिन्ह काढून टाकलं आणि किल्ली कुलपात तुटली तर काय करावं, काय अजिबात करू नये, हे फोटोंसकट लिहून टाकलं. घरमालकांच्या एका संघटनेला ते आवडलं आणि त्यांनी आपल्या साइटवर तिचा पत्ता दिला. पाच महिन्यांनी बाईंच्या फोनवर ती नवव्या नंबरावर आली. चमत्कार नाही, नववा नंबर. वस्तादांचं मनगट सांधलं, पण कानस धरण्याइतकी बोटं पुन्हा वळली नाहीत. ते नुकसान कुणीच भरून देऊ शकलं नाही.

त्या सभागृहात डॉक्टर होते, व्यापारी होते, हिशेबाला पक्की माणसं होती. शेजारच्याचा फोन मागून घेऊन बघावं, एवढं साधं त्यांतल्या एकालाही सुचलं नाही, कारण डोळे मिटायला सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. भगव्या कपड्यातला असो की कोट घातलेला, जो चमत्कार दाखवण्याआधी तुम्हाला डोळे मिटायला सांगतो, त्याच्यासमोर ते सताड उघडे ठेवा. विचारा, तपासा, लिहून ठेवा, परक्या फोनवर पडताळा. आणि ज्याला तुमच्या श्रद्धेची गरज लागते पण तुमचा प्रश्न चालत नाही, त्याच्या सभागृहातून उठून सरळ घरी या.