मुकादमिणीची शोधाशोध

आई गेल्यापासून मुकादमीण घरभर फिरत होती. मुकादमीण म्हणजे आईची मांजर. दिवसभर कुंपणाच्या भिंतीवर बसून गल्लीतल्या साऱ्यांच्या कामावर नजर ठेवायची, म्हणून आईनं तिला ते नाव दिलं होतं. आता ती भिंतीकडे फिरकत नव्हती. पलंगाखाली, पेटीमागे, रिकाम्या खोक्यात डोकं घालायची, हुंगायची, ओरडायची आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळायची. शेवटी तिनं आईचं कपड्यांचं कपाट ओरबाडायला घेतलं, तेव्हा लेकीनं दार उघडून दिलं. मांजर घड्यांवर जाऊन बसली. त्या दिवसांत लेकीला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. भेटायला येईल त्याला ती सांगायची, मुकादमीण आईला शोधतेय. लोक हळहळायचे, मुक्या जिवाला जास्त कळतं, म्हणायचे.

लेकीची रजा संपत आली होती आणि शहरातल्या तिच्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं. शेजारची मावशी मांजर ठेवून घ्यायला तयार झाली. पण बाई तोंडाची फटकळ. पिल्लांचं लचांड आपल्याला नको, झालीच तर पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येईन, असं तिनं ठणकावून सांगितलं. तेवढ्यात गावात जनावरांच्या फुकट नसबंदीचं शिबिर लागलं. लेकीला वाटलं, सुटले.

शाळेच्या वर्गात बाकं जोडून टेबलं केली होती. फळ्यावरचा पाढा कुणी पुसला नव्हता आणि खोलीभर फिनेलचा वास होता. रांगेत कुत्री दोरीला, मांजरं टोपल्यांत. बोका मांडीवर घेऊन बसलेल्या न्हाव्याला कुणीतरी म्हणालं, फुकट आहे तर तूही नंबर लाव. त्यावर त्याची बायकोच म्हणाली, फार उशिरा सुचवलंत, पाच पोरांआधी सांगायचं होतं. मावशीला रक्ताचा वास सोसत नसे. ती बाहेर पायरीवर थांबली.

डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या पोटावरून हात फिरवला. मध्येच थांबून पुन्हा फिरवला.

"गाभण आहे ही. दिवस भरत आलेत. घरात जागा शोधत होती का? कोपरे, खोकी, कपाटं?"

आईच्या आजारपणात रात्री मांजरीला आत घेऊन मागची खिडकी लावायचं भान कुणालाच नव्हतं, हे लेकीला तेव्हा आठवलं.

"हो," ती म्हणाली. "शोधत होती."

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. ऑपरेशन करता येईल, पण पिल्लं जातील. तसं नको असेल तर घरी न्या. पिल्लं दुधावरून सुटली की शहरातल्या दवाखान्यात आणा, तिथंही पैसे घेत नाहीत. तोवर कुणीतरी सांभाळायला हवं, एवढंच.

लेकीला रजा वाढवून मिळाली असती. साहेब आपणहून तसं म्हणाले होते. पण त्या घरात, त्या रिकाम्या पलंगासमोर आणखी कितीतरी दिवस काढणं तिला नको होतं. मावशीला हाक मारावी, असंही क्षणभर वाटलं. मग वाटलं, उत्तर तर ठाऊकच आहे.

"करा," ती म्हणाली.

टॉवेलात गुंडाळलेली, अजून गुंगीत असलेली मांजर मावशीनं मांडीवर घेतली आणि एवढा वेळ का लागला म्हणून विचारलं. लेकीनं झालं ते सांगितलं. मावशी बराच वेळ टॉवेलाची कड सारखी करत राहिली.

"मला विचारायचं तरी, गं."

"तूच पोत्याचं म्हणाली होतीस ना."

"मी तर रोज उठून नवऱ्यालाही विहिरीत ढकलते. ढकललाय का अजून?" तिला स्वतःलाच हसू आलं नाही. "माझं बोलणं किती मनावर घ्यायचं, ते तुझ्या आईला बरोबर कळायचं. एक तरी पिल्लू ठेवलं असतं मी. तिच्या घरचं म्हणून."

लेकीनं मांजर घ्यायला हात पुढे केले. मावशीनं दिली नाही. पोटाशी धरून ती उठली आणि चालू लागली, लेक मागून. आपल्या दाराशी आल्यावर मावशी आत ये म्हणाली नाही, पण दारही लोटलं नाही. लेकीनं चपला काढल्या. आत जायला मात्र तिचा पाय उचलेना.