डावं इंजिन जळतंय!

मी एक जुनं डकोटा विमान आहे. मित्रांनो, आता विमान म्हणायचं ते उगाच. राजगडाजवळच्या पासली गावच्या भातखाचरात माझं पंख तुटलेलं धड पडलं आहे.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईसाठी झाला. ती संपल्यावर मुंबईच्या एका छोट्या कंपनीने मला मालवाहतुकीला घेतलं. औषधांच्या पेट्या, कापडाचे गठ्ठे मी निमूट वाही. माझ्यावर जीव होता सावळारामचा. गुंजवणे गावचा हा तरुण वैमानिक थोडेच तास उडाला होता, पण सगळे माझ्यावरच.

१९६७ साली कंपनीला कॅप्टन हवा होता. सावळारामने अर्ज केला, पण मालकांनी निवडलं रणदिवेसाहेबांना. त्यांचा हजारो तासांचा अनुभव मोठ्या विमानांवरचा. माझं टाइप रेटिंग, म्हणजे मला चालवायचा खास परवाना, त्यांनी घाईघाईत मिळवलेला. "मुरलेला माणूस आहे, डकोटाचं काय एवढं!" मालक म्हणाले. सावळाराम सहवैमानिक म्हणून शेजारच्या खुर्चीत बसला.

दिवाळीनंतरची गोष्ट. राजगडाजवळ एक गिधाड माझ्या डाव्या इंजिनावर आदळलं. पंख्याचं पातं तुटून पत्रा फाडत गेलं. पंखाने पेट घेतला. रणदिवेसाहेबांचा हात मोठ्या विमानांच्या सवयीने भलत्याच बटणावर गेला. त्याने माझं धडधाकट उजवं इंजिन बंद पडलं असतं.

सावळारामने त्यांच्या मनगटावर बुक्की हाणली. "साहेब, ते न्हाई! डावं जळतंय, डावं!"

साहेबांनी डावं बंद केलं. मग दोन डोंगरसोंडांमधून त्यांनी मला असं खाली आणलं, की सावळारामला ते कधीच जमलं नसतं. कापणी झालेल्या खाचरांचे बांध माझं पोट फाडत गेले. पंख उखडला. काचा साहेबांच्या गळ्यात घुसल्या.

शेतातल्या फुलाबाई कोयता घेऊन धुरात शिरल्या.

"आधी साहेबांना काढा!" सावळाराम ओरडला.

"त्ये गेलं, पोरा. तू चल!" त्यांनी त्याचा पट्टा कापला. त्याचा चिरडलेला हात पुढे दवाखान्यात कापावा लागला.

सावळाराम पुन्हा उडाला नाही. कंपनीने त्याला वैमानिक निवडायला बसवलं. एकदा तो फुलाबाईंना भेटायला याच खाचरात आला.

"मंग आता कुणाला घेतोस रं?"

"दोनी बघतो, मावशी. आभाळात किती वर्सं काढली, आन् त्याच इमानावर किती. एक कमी आसलं, तर आधी शिकवतो, मंगच बसवतो."

आज भंगारवाले आले आहेत. पहिला घण छातीवर बसला. मित्रांनो, उद्या माणसं निवडायची वेळ तुमच्यावर आली, तर घाई करू नका. त्या दिवशी माझ्या पोटात दोघं होते. एकट्याने कुणालाच मला जमिनीपर्यंत आणता आलं नसतं.